खेळाडूंचे गैरवर्तन, वंश-जात आणि प्रसारमाध्यमे : महाराष्ट्रातील क्रिकेटच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

मैदानावर नियमभंग झाला की त्याचा निवाडा पंच, सामनाधिकारी किंवा शिस्तपालन समिती करते. नियम लिखित असतो, शिक्षेची मर्यादा ठरलेली असते आणि निर्णय झाल्यावर प्रकरण कागदोपत्री संपते. परंतु त्याच घटनेचा आणखी एक निवाडा समाजात होत असतो. तो वृत्तपत्राच्या मथळ्यात, दूरचित्रवाणीवरील चर्चेत, चहाच्या टपरीवर आणि अलीकडे समाजमाध्यमांवर होतो. या दुसऱ्या निवाड्याला नियमपुस्तिका नसते. तो खेळाडूने काय केले एवढेच पाहत नाही. ते करणारा खेळाडू कोण आहे, कोणत्या वर्णाचा, जातीचा, देशाचा वा वस्तीचा आहे, याचाही हिशेब नकळत मांडतो. म्हणूनच एकाचा आज्ञाभंग हा खोडकरपणा ठरतो, दुसऱ्याचा बेशिस्तपणा. एकाची माघार हा स्वाभिमान ठरतो, दुसऱ्याची आडमुठेपणा.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने वंश आणि वर्ण यांच्या संदर्भात झाली आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात तेवढ्यावर थांबता येत नाही. येथील खेळाडू कधी गोऱ्या सामनाधिकाऱ्यासमोर वंशभेदाची तक्रार करणाऱ्याच्या भूमिकेत दिसतो, तर कधी येथील प्रेक्षकच वंशद्वेषाचा कर्ता ठरतो. आणि घरात जातीचा प्रश्न तर आहेच. प्रस्तुत लेखात १९२० पासूनच्या काही सर्वज्ञात प्रसंगांच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. खेळाडूंना निर्दोष ठरविणे हा लेखाचा हेतू नाही. कृती आणि तिचे कथन या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची सवय अध्यापकांना व विद्यार्थ्यांना लागावी, एवढाच हेतू आहे.

काही आवश्यक संकल्पना

पहिली संकल्पना ‘चौकट’ ही होय. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली आणि पुढे १९९३ मध्ये रॉबर्ट एंटमन यांनी माध्यमांच्या संदर्भात तिची चार कार्ये सांगितली : समस्या कोणती ते ठरविणे, तिचे कारण सांगणे, नैतिक निवाडा देणे आणि उपाय सुचविणे. बातमी खोटी नसतानाही चौकटीमुळे तिचा अर्थ बदलू शकतो. खोलीच्या एकाच खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला दिसते ते खरेच असते. पण खिडकी कोठे ठेवायची हे आधी कोणीतरी ठरविलेले असते.

दुसरी संकल्पना कारणारोपणाची. सामाजिक मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये असे दाखवून दिले की, आपल्या गटातील माणूस चुकला तर त्याचे कारण आपण परिस्थितीत शोधतो आणि परक्या गटातील माणूस चुकला तर ते त्याच्या स्वभावात, किंबहुना त्याच्या जन्मात शोधतो. यशाच्या बाबतीत हे उलट घडते. आपल्या माणसाचे यश त्याच्या गुणांमुळे आणि परक्याचे यश नशिबामुळे, असे मानण्याकडे मनाचा कल असतो.

तिसरा मुद्दा वंश आणि जात यांच्या संबंधाचा आहे. या दोन गोष्टी एकच आहेत असे म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये लिहिलेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रसिद्ध भाषणात, जात ही वंशाची विभागणी नसून एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे प्रतिपादन केले होते. तथापि, व्यक्तीच्या कृतीचे कारण तिच्या जन्मात शोधण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. भारतात तर तिला एकेकाळी कायद्याचे रूप मिळाले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाज जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, पण त्यामागील विचार मनातून गेला की नाही, हा प्रश्न मैदानावरही उपस्थित होतो.

१९२० : माघार की बेशिस्त?

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात या प्रश्नाचे पहिले ठळक उदाहरण पालवणकर बंधूंचे आहे. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर (१८७६–१९५५) हे पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदान राखण्याचे काम करीत असताना डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून पुढे आले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. परंतु मैदानावर एकाच चेंडूला हात लावणारे सहकारी चहाच्या वेळी मात्र त्यांना वेगळे बसवीत आणि मातीच्या भांड्यात चहा देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. तरीही मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच आले नाही.

१९२० मध्ये बाळू यांना संघातून वगळण्यात आले. नियुक्त कर्णधार आजारी पडल्यावर नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले. तेव्हा बाळू यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका जाहीर निवेदनाद्वारे वृत्तपत्रातून मांडली. संघाच्या शिस्तीच्या दृष्टीने पाहिले तर स्पर्धेच्या तोंडावर दोन प्रमुख खेळाडूंनी अंग काढून घेणे हे गैरवर्तनच ठरते. निवड समितीचा निर्णय खेळाडूने मानावा, ही कोणत्याही संघाची प्राथमिक अपेक्षा असते. परंतु या बंधूंनी आपल्या कृतीला स्वतःची चौकट दिली. आमचा आक्षेप नेतृत्वाच्या वाटपात जात आडवी येण्याला आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. असहकाराच्या चळवळीने वातावरण भारलेल्या त्या काळात वाचकांना या माघारीत एक ओळखीची भाषा ऐकू आली. पुढच्या सामन्यासाठी बाळू यांना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि बंधूही संघात परतले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांचा पराभव केला.

या प्रसंगातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, ‘गैरवर्तन’ आणि ‘निषेध’ यांच्यातील सीमारेषा कृतीत नसते. कृतीचे कारण सांगण्याचा अधिकार कोणाला मिळतो यावर ती अवलंबून असते. दुसरी म्हणजे, वृत्तपत्र हे केवळ पूर्वग्रहाचे वाहन नसते. निवेदनाला जागा मिळाली म्हणून पालवणकर बंधूंची बाजू लोकांसमोर आली. ती जागा मिळाली नसती, तर संघाच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे कदाचित वेगळाच शेरा राहिला असता.

दोन शालेय मित्र आणि दोन मापे

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी यांच्या नाबाद ३४९ आणि तेंडुलकर यांच्या नाबाद ३२६ धावा होत्या. या भागीदारीची एक गोष्ट पुढे अनेकदा सांगितली गेली. डाव घोषित करा, असा प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचा निरोप सीमारेषेबाहेरून खुणावला जात असताना दोघांनीही तिकडे पाहण्याचे टाळले. म्हणजेच हा दोघांनी मिळून केलेला आज्ञाभंग होता. महाराष्ट्राने तो कौतुकाने ऐकला, कारण करणारे शाळकरी वयाचे होते आणि धावा ढिगाने झाल्या होत्या.

पुढील वाटा वेगळ्या झाल्या. १९९३ मध्ये कांबळी यांनी वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि त्यापाठोपाठ दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा काढल्या. १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीने १,०८४ धावा, त्यात चार शतके, ही त्यांची नोंद आहे. अवघ्या १४ डावांत हजार धावा पूर्ण करण्याचा त्यांचा भारतीय विक्रम आहे. तरीही नोव्हेंबर १९९५ नंतर, वयाची २४ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्यांना पुन्हा कसोटी खेळता आली नाही.

याची क्रिकेटविषयक कारणे आहेत आणि ती नाकारता येत नाहीत. १९९४-९५ मधील वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत आखूड टप्प्याच्या वेगवान माऱ्यापुढे ते अडखळले होते. एकदिवसीय संघात त्यांना पुढेही पुष्कळ संधी मिळाल्या. परंतु लोकस्मृतीत राहिले ते हे तांत्रिक कारण नव्हे. कानातील बाळी, गळ्यातील साखळी, केशभूषा आणि रात्रीचे जागरण यांच्याविषयीचे लेखन त्या काळच्या क्रीडापानांवर आणि पुरवण्यांत इतके झाले की, ‘बेशिस्त’ हा एकच शब्द एका कारकिर्दीचा सारांश ठरला. एंटमन यांची चार कार्ये येथे तंतोतंत लागू पडतात : समस्या चैनीची, कारण स्वभावाचे, निवाडा प्रतिभेच्या अपव्ययाचा आणि उपाय म्हणून बालमित्राचा आदर्श.

कांजूरमार्गच्या कामगार वस्तीतून गर्दीच्या लोकलने येणाऱ्या मुलाची ही कथा साहित्य सहवासात वाढलेल्या, मराठी साहित्याच्या प्राध्यापकांच्या मुलाच्या कथेशेजारी सतत ठेवली गेली. साहित्य सहवास म्हणजे वांद्र्यातील लेखकांची वसाहत. एका घरात शिस्त, संयम आणि वाणीची मर्यादा हे सांस्कृतिक भांडवल म्हणून उपलब्ध होते; दुसऱ्या घरात ते प्रत्येक पायरीवर कमवावे लागत होते. तेंडुलकर यांची शिस्त त्यांची स्वतःचीच होती, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, एकाच्या यशाचे श्रेय देताना आपण त्याचे घर, वडील, बंधू आणि गुरू यांची आठवण काढतो. मग दुसऱ्याच्या अपयशाचा हिशेब मांडताना तो एकटाच कसा उरतो? डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा या दोघांच्या भेटीची चित्रफीत काही तासांत देशभर पसरली. तिच्याखालील असंख्य प्रतिक्रियांत तीच जुनी तुलना, तोच जुना धडा नव्याने गिरविला गेला. चौकट एकदा पक्की झाली की, ती तीन दशकांनंतरही उपयोगात येते, याचे हे उदाहरण होय.

पोर्ट एलिझाबेथ, २००१ : आपण तक्रारदार

आतापर्यंतची उदाहरणे घरातली होती. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ कसोटीत प्रश्न देशाबाहेर गेला. सामनाधिकारी माइक डेनिस यांनी सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा केली. वीरेंद्र सेहवाग यांच्यावर एका कसोटीची बंदी आली. इतरांवर अवाजवी अपील किंवा संघावर नियंत्रण न ठेवणे असे आरोप होते. सचिन तेंडुलकर यांना सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि एका कसोटीची स्थगित बंदी सुनावण्यात आली. त्यांच्या बोटांची चेंडूच्या शिवणीवरील हालचाल दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपली होती. मैदानावरील पंचांनी मात्र तक्रार केली नव्हती.

तांत्रिकदृष्ट्या आरोप असा होता की, पंचांच्या देखरेखीशिवाय चेंडू साफ केला गेला. भारतातील वाचकांपर्यंत तो ‘सचिनवर फसवणुकीचा आरोप’ या रूपात पोहोचला. या दोन वाक्यांतील अंतर हेच माध्यमांच्या सामर्थ्याचे माप आहे. पुतळे जाळले गेले, संसदेत विषय निघाला, गोऱ्या अधिकाऱ्याने आशियाई खेळाडूंना लक्ष्य केले असा सूर देशभर उमटला. यजमान संघातील खेळाडूंनीही तसेच अपील केले होते, मग शिक्षा आम्हालाच का, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. आंतरराष्ट्रीय क्रिकेटची सूत्रे दीर्घकाळ इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे होती, ही वस्तुस्थितीही त्यामागे होती. परिणामी सेंच्युरियन येथील सामना डेनिस यांना दूर ठेवून खेळविण्यात आला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याला कसोटीचा दर्जा नाकारला.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच वर्षी, त्याच देशात, दर्बान येथे ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली होती. जात हा विषय त्या परिषदेच्या कक्षेत आणू नये, अशी भारत सरकारची अधिकृत भूमिका होती. दलित संघटनांचे प्रतिनिधी मात्र तो आणावा म्हणून आग्रह धरीत होते. सप्टेंबरमध्ये जन्मावर आधारित भेदाची चर्चा जागतिक मंचावर नको म्हणणारे जनमत नोव्हेंबरमध्ये एका सामनाधिकाऱ्याच्या निर्णयात वंशभेद शोधण्यास तत्काळ तयार झाले. दोन्ही भूमिकांना स्वतंत्रपणे काही आधार असतीलही. परंतु भेदभाव सोसणाऱ्याला तो जितका लवकर दिसतो, तितका तो करणाऱ्याला दिसत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

वानखेडे ते सिडनी : आरशाच्या दोन बाजू

हा मुद्दा ऑक्टोबर २००७ ते जानेवारी २००८ या चार महिन्यांत अधिक उघड झाला. ऑस्ट्रेलियाचे अष्टपैलू खेळाडू अँड्र्यू सायमंड्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅरिबियन वंशाचा वारसा असलेले होते. ऑक्टोबर २००७ मधील एकदिवसीय मालिकेत वडोदरा येथे प्रेक्षकांच्या एका गटाने त्यांना उद्देशून माकडासारखे आवाज काढल्याची तक्रार झाली. स्थानिक पातळीवरून ती प्रथम नाकारली गेली. आपल्याकडे वानर हे हनुमंताचे रूप आहे, त्यामुळे त्यात अपमान नाही, असाही युक्तिवाद ऐकू आला. परंतु १७ ऑक्टोबरला मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर तोच प्रकार घडला, तेव्हा माकडचेष्टा करणाऱ्या प्रेक्षकांचे छायाचित्रच प्रसिद्ध झाले आणि पोलिसांनी कारवाई केली. भाविकतेचा बचाव छायाचित्रापुढे टिकला नाही.

जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजन सिंग यांनी सायमंड्स यांना ‘माकड’ म्हटल्याचा आरोप झाला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्यांच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर सुनावणी झाली आणि २९ जानेवारीला वंशद्वेषी उद्गाराचा आरोप सिद्ध न झाल्याने तो रद्द झाला. अपशब्द वापरल्याबद्दल मानधनाच्या ५० टक्के दंड मात्र झाला. उच्चारला गेला तो शब्द इंग्रजी ‘मंकी’ नसून हिंदीतील एक शिवी होती, असा खेळाडूच्या बाजूचा बचाव होता आणि समोरच्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या तेंडुलकर यांची साक्ष त्यात महत्त्वाची ठरली.

निकाल कायदेशीर प्रक्रियेने लागला. तो मान्य करणेच योग्य. परंतु येथील माध्यमांतील चर्चेचा रोख पाहण्यासारखा होता. पंचांच्या चुका, रिकी पाँटिंग यांच्या संघाची आक्रमकता, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात वाढलेल्या प्रॉक्टर यांची पार्श्वभूमी यांवर रकाने भरले. वानखेडेवरील तीन महिन्यांपूर्वीचे छायाचित्र मात्र त्या चर्चेत क्वचितच आठवले गेले. आरोप झाला त्या क्षणी तो ‘हरभजन’ या व्यक्तीवरील न राहता ‘आपल्यावरील’ झाला आणि आपल्या माणसाच्या बाबतीत आपण कारण परिस्थितीत शोधतो, हा पेटिग्रू यांचा सिद्धांत पुन्हा प्रत्ययास आला.

याच प्रसंगात माध्यमांच्या दुसऱ्या शक्यतेचेही दर्शन घडले. सिडनीतीलच एका प्रमुख दैनिकात समीक्षक पीटर रोबक यांनी ऑस्ट्रेलियाच्या संघावर कठोर टीका करून पाँटिंग यांना कर्णधारपदावरून दूर करावे, अशी मागणी केली. आपल्या गटाच्या विरोधात लिहिणारा लेखक असू शकतो आणि त्याला पहिल्या पानावर जागा देणारे वृत्तपत्रही असू शकते. त्यामुळे माध्यमे अपरिहार्यपणे पक्षपाती असतात, असे सरसकट विधान करता येणार नाही.

जागतिक संदर्भ

इतरत्रही हीच रीत आढळते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यत जिंकणारे बेन जॉन्सन उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी ठरले, तेव्हा विजयाच्या दिवशी निखळ ‘कॅनेडियन’ असलेला धावपटू काही वृत्तपत्रांत ‘जमैकात जन्मलेला’ म्हणून संबोधला जाऊ लागला, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. गुन्हा खराच होता; बदलले ते विशेषण. जून १९९४ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्या अटकेनंतर ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या साप्ताहिकांनी पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. परंतु ‘टाइम’ने त्यातील चेहरा अधिक काळा केला होता. त्यावर टीका झाल्यावर संपादकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. आरोपीच्या दोषाविषयी एक शब्दही न लिहिता, केवळ छपाईच्या शाईने निवाडा सुचविता येतो, हे त्यातून जगाला दिसले.

भारतात समाजमाध्यमांच्या काळात तर गैरवर्तन घडण्याचीही गरज उरली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून पराभूत झाला, तेव्हा वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळील घराबाहेर जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार नोंदविली गेली. पराभव सर्व संघाचा होता. अपराधी मात्र जात पाहून निवडला गेला.

या विवेचनाच्या मर्यादा

वरील प्रतिपादनाचा एक सोपा आणि चुकीचा अर्थ निघू शकतो, तो येथेच स्पष्ट करणे इष्ट आहे. वंश वा जात यांचा उल्लेख केला म्हणून खेळाडूची जबाबदारी संपत नाही. उत्तेजक द्रव्य घेणे, सामना निश्चित करणे, प्रतिस्पर्ध्याचा अपमान करणे या चुकीच्याच गोष्टी आहेत. त्या कोणीही केल्या तरी त्यांना शिक्षा हवी. वंशभेदाचा आरोप हासुद्धा कधीकधी बचावाचे साधन म्हणून वापरला जातो. त्यामुळे कसोटी एकच असू शकते : नाव, वर्ण आणि जात झाकून तीच कृती वाचली, तर आपला निवाडा तोच राहील काय? तसा राहत असेल तर तो न्याय. बदलत असेल तर बदल कृतीमुळे नव्हे, आपल्या दृष्टीमुळे झाला आहे.

ग्रामीण महाविद्यालयाच्या संदर्भात

हा प्रश्न केवळ आंतरराष्ट्रीय मैदानांचा नाही. कर्जत-खालापूरच्या अंतर्भागात पोशीरसारख्या गावांच्या परिसरात भातकापणी झाली की मोकळ्या शेतांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. गावोगावी कबड्डीचे संघ असतात. महाविद्यालयीन संघांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांतील विद्यार्थीही येतात. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात, हे येथील प्रत्येक अध्यापकाला माहीत आहे. अशा कुटुंबातील खेळाडू नेमका सरावाच्या हंगामात गैरहजर राहिला, तर त्याच्या नावापुढे ‘अनियमित’ किंवा ‘बेशिस्त’ असा शेरा पडणे स्वाभाविक वाटते. दुसरा एखादा विद्यार्थी खासगी शिकवणीसाठी गैरहजर राहिला, तर त्याची नोंद ‘अभ्यासामुळे’ अशी होण्याची शक्यता अधिक. गैरहजेरी दोघांचीही तितकीच; एकाला कारण मिळाले, दुसऱ्याला विशेषण. हजेरीपुस्तक हेसुद्धा एक माध्यमच आहे आणि त्यातील शेरा निवड समितीपर्यंत, प्रमाणपत्रापर्यंत आणि कधीकधी नोकरीपर्यंत विद्यार्थ्याचा पाठलाग करतो.

निष्कर्ष

१. खेळाडूचे गैरवर्तन ही एक घटना असते, परंतु त्याची सार्वजनिक प्रतिमा ही घटना, कर्त्याची सामाजिक ओळख आणि माध्यमांनी निवडलेली चौकट या तिन्हींतून घडते.

२. महाराष्ट्राच्या संदर्भात वंश व जात हे दोन्ही घटक विचारात घ्यावे लागतात. दोन्ही वेगळे असले तरी व्यक्तीच्या चुकीचे कारण जन्मात शोधण्याची रीत समान आहे.

३. भारतीय क्रीडारसिक २००१ व २००८ मध्ये भेदभावाविषयी जितका सजग होता, तितका तो २००७ मध्ये स्वतःच्या मैदानावरील वर्तनाविषयी नव्हता.

४. माध्यमे पूर्वग्रह दृढ करतात, तशीच तो मोडूही शकतात. १९२० मधील निवेदन, २००७ मधील छायाचित्र आणि २००८ मधील रोबक यांचा लेख ही त्याची उदाहरणे होत.

५. महाविद्यालयांनी शिस्तभंगाची नोंद करताना विशेषण न लिहिता कृती, दिनांक आणि विद्यार्थ्याने दिलेले कारण लिहावे. पत्रकारिता, समाजशास्त्र व मराठी या विषयांच्या वर्गांत एकाच प्रसंगाच्या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचण्याचा उपक्रम सहज राबविता येईल.

समारोप

२०११ मध्ये मुंबई इंडियन्सच्या संघात अँड्र्यू सायमंड्स आणि हरभजन सिंग एकत्र खेळले. वानखेडे हेच त्या संघाचे घरचे मैदान होते. चार वर्षांपूर्वी ज्या मैदानावर सायमंड्स यांना माकडचेष्टांना तोंड द्यावे लागले होते, तेथेच ते आता यजमान संघाचे खेळाडू होते. त्यांचा वर्ण तोच होता, स्वभावही फारसा बदललेला नसावा; बदलला होता तो फक्त अंगावरचा पोशाख. सायमंड्स यांचे मे २०२२ मध्ये अपघाती निधन झाले, तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत हरभजन सिंग हेही होते. कोणी ‘आपला’ झाला की त्याच्याविषयीची चौकट इतक्या सहजपणे बदलते, तर ती मुळात माणसाने घडविलेली आहे हे उघड आहे. जे घडविलेले आहे, ते तपासता येते आणि दुरुस्तही करता येते. ते तपासण्याचे काम वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत व्हावे ही अपेक्षा आहेच. पण ज्या वर्गांतून उद्याचे वाचक, पंच, वार्ताहर आणि शिक्षक तयार होतात, तेथे त्याचा आरंभ झाला पाहिजे.